अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा : कायदा काय मागतो?

१८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याच्या बंदरातून निघून वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, आणि १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा द्रव्याची चणचण, समाजाचा रोष आणि परक्या हवेची बाधा ही संकटे त्यांच्यापुढे होतीच. परंतु घर सोडण्यापूर्वी अमेरिकी सरकारच्या अधिकाऱ्यापुढे हजर राहून त्याची संमती मिळवावी, हा प्रसंग मात्र त्या दोघांवरही आला नाही. ती व्यवस्था पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली आणि १९२४च्या कायद्याने कायम झाली. आज मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत जाऊन आल्यावाचून महाराष्ट्रातील सामान्य विद्यार्थ्याला तिकडची वाट खुली होत नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या आणि शिक्षणोत्तर उमेदवारी करणाऱ्या भारतीयांची संख्या ३,३१,६०२ होती, हे ध्यानी घेतले म्हणजे हा प्रश्न किती घरांचा आहे याची कल्पना येईल.

या व्हिसाभोवती आपल्याकडे दैवाची आणि वशिल्याची एक भाषा तयार झाली आहे. अमक्या खिडकीवरचा अधिकारी कडक, तमक्या महिन्यात नकार फार, अमुक उत्तर पाठ केले की काम फत्ते, असे सल्ले गल्लोगल्ली मिळतात. वस्तुतः अधिकाऱ्याचा निर्णय एका लिखित कायद्यावर उभा असतो आणि तो समजून घेणे हीच अर्जाची खरी पूर्वतयारी होय. १९५२च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टच्या २१४ (बी) या कलमान्वये तात्पुरत्या व्हिसाचा अर्जदार, काही थोडे वर्ग वगळता, कायमच्या वास्तव्यासाठीच येत आहे असे गृहीत धरले जाते, आणि ते गृहीत खोडून काढण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदारावर असते. न्यायालयात आरोप सिद्ध करण्याचे ओझे फिर्यादीवर असते. येथे ते ओझे मागणाऱ्याच्या खांद्यावर आहे. गुणपत्रिकेवर विशेष प्रावीण्य असूनही एखाद्याला नकार का मिळतो, या पालकांच्या व्याकूळ प्रश्नाचे उत्तर या कलमात आहे. विद्वत्तेची परीक्षा विद्यापीठाने घेतलेलीच असते. वकिलात घेते ती हेतूची आणि ऐपतीची.

हा क्रम विद्यापीठापासून सुरू होतो. प्रवेश निश्चित झाला आणि खर्चाची तरतूद दाखवली की विद्यापीठ ‘आय-२०’ नावाचा दस्तऐवज देते. त्याच्या पहिल्याच पानावर अभ्यासक्रमाचे नाव व आरंभाची तारीख असते, आणि त्याखाली दोन रकाने शेजारी शेजारी येतात : डावीकडे शिक्षणशुल्क व राहण्याखाण्याचा अंदाजे खर्च, उजवीकडे तो कोणाकडून भागणार याचा तपशील, म्हणजे स्वतःची रक्कम, विद्यापीठाची मदत किंवा अन्य आधार. अर्जाची सारी कैफियत या दोन रकान्यांत सामावलेली आहे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. त्यानंतर ‘सेव्हिस’ या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर शुल्क भरावे लागते, ‘डीएस-१६०’ हा अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि त्यात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांचीही नोंद द्यावी लागते. व्हिसाअर्जाचे शुल्क १८५ डॉलर असून नकार मिळाला तरी ते परत मिळत नाही. मग एके दिवशी बोटांचे ठसे व छायाचित्र, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष मुलाखत, अशा दोन हजेऱ्या असतात.

मराठी घरांना या कागदपत्रांत एक अडचण विशेष जाणवते, ती नावाची. आपल्या शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव अशी रीत असते. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात जाते आणि वडिलांचे नाव कधी स्वतःच्या नावाला जोडून येते, कधी गळते. विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत तर माहेरचे आणि सासरचे अशी दोन नावे दोन दप्तरांत नांदत असतात. म्हणून विद्यापीठाकडे अर्ज करतानाच पासपोर्टातील अक्षरे प्रमाण धरावीत आणि आय-२०, शुल्काची पावती व डीएस-१६० यांत तीच अक्षरशः उतरवावीत. पासपोर्टातच दुरुस्ती हवी असेल तर ती या साऱ्यांच्या आधी उरकावी, कारण ऐन मोसमात अशा दुरुस्तीला लागणारे दिवस परवडत नाहीत.

दुसरी अडचण पैशाची. पगारदाराकडे आयकराची विवरणपत्रे असतात, बँकेचे कर्जमंजुरीपत्र व तारणाचे कागद असतात. परंतु शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे शेतकरी कुटुंबाची खरी ऐपत विवरणपत्रात दिसत नाही. अशा कुटुंबाने सात-बाराचा उतारा, साखर कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि ती रक्कम खात्यात जमा झाल्याची नोंद, ही साखळी एकत्र ठेवावी. केवळ जमीन दाखवून भागत नाही, कारण जमीन म्हणजे हाताशी असलेला पैसा नव्हे. याउलट, मुलाखतीच्या तोंडावर नातलगांकडून उसनवारी करून खात्यातील शिल्लक फुगवणे हे अनुचित तर आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. वर्षभर रिते असलेले खाते एका आठवड्यात भरले, तर पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार. तिकडे नोकरी करून खर्च भागवू, हे उत्तरही कायद्याशी जुळत नाही. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, आणि पहिल्या वर्षी आवाराबाहेरची नोकरी सर्वसाधारणपणे वर्ज्य असते.

मुलाखत काचेच्या खिडकीपुढे उभ्यानेच होते आणि बहुधा काही मिनिटांत आटोपते. हेच विद्यापीठ का, हा विषय का, खर्च कोण करणार, पुढे काय करणार, असे मोजके प्रश्न असतात. हातातील जाडजूड फाईल अनेकदा उघडलीही जात नाही. अधिकारी पडद्यावरील अर्ज वाचतो आणि समोरच्या माणसाचे ऐकतो. अशा वेळी शिकवणीत घोटून घेतलेले उत्तर अर्जदाराचा घात करते, कारण शेजारच्या पाच खिडक्यांवर तेच शब्द उच्चारले जात असतात. ज्या विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमातील विषय वाचले आहेत, वडिलांनी कर्ज किती व कोणत्या तारणावर घेतले हे ज्याला ठाऊक आहे, आणि शिक्षणानंतरच्या आयुष्याचा ज्याने स्वतः विचार केला आहे, त्याची साधी, अडखळती इंग्रजीसुद्धा पुरेशी ठरू शकते. परतण्याच्या हेतूबद्दल विशेष भीती बाळगली जाते. बडोदे संस्थानाने आंबेडकरांकडून शिक्षणानंतर दरबारची सेवा करण्याचा करार लिहून घेतला होता, तसा लेखी बंध आज कोणाजवळ नसतो, आणि विशीतल्या तरुणाच्या नावावर घरदारही नसते. तेव्हा घरची नाती, मायदेशातील व्यवसायाची शक्यता आणि सुसंगत आखणी यांवरूनच हा हेतू प्रकट व्हायचा असतो.

मंजुरी मिळाल्यास पासपोर्ट ठेवून घेतला जातो. नकार २१४ (बी) खाली आला तर त्यावर अपील नाही, परंतु नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. परिस्थितीत किंवा पुराव्यात फरक पडला असेल तरच त्याला अर्थ आहे. २१४ (बी) नव्हे, तर २२१ (जी) या कलमाचे पत्र हाती आल्यास कागद अपुरा आहे किंवा चौकशी चालू आहे असे समजावे. मात्र बनावट दाखला वा खोटे विधान उघडकीस आले, तर त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते; चार पैशांसाठी खोटा कागद करून देणारा दलाल ती शिक्षा भोगत नाही, विद्यार्थी भोगतो. व्हिसा मिळाल्यावरही अभ्यासक्रमाच्या आरंभापूर्वी ३० दिवसांहून अधिक आधी अमेरिकेत प्रवेश करता येत नाही, आणि अंतिम प्रवेश तेथील विमानतळावरचा अधिकारीच देतो. म्हणून आय-२० व खर्चाचे कागद सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावेत.

पालकांना एवढीच विनंती आहे की मुलाचा अर्ज त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला भरू देऊ नका. त्याला तुमच्या उत्पन्नाचे, कर्जाचे आणि काळजीचे खरे आकडे सांगा, त्याच्या हातून प्रत्येक रकाना भरवून घ्या आणि सही करण्यापूर्वी तो त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जो अर्ज विद्यार्थ्याने स्वतः लिहिला आहे, त्याचे समर्थन करायला त्याला कोणाचीही शिकवणी लागत नाही.