बैलांच्या रेल्वेपासून बुलेटपर्यंत

बडोद्यात बुलेट ट्रेनचा विषय निघाला की मला हटकून शेजारचे डभोई आठवते. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६२ साली तिथून मियागामपर्यंत छोटी रेल्वे टाकली. सुरुवातीला ती चक्क बैल ओढत! आज त्याच गायकवाडांच्या लालबागेत बुलेट ट्रेनची प्रशिक्षण संस्था आहे.

जपानने १९६४ साली अशी गाडी प्रथम धाववली. चीनने २००८ नंतर चाळीस हजार किलोमीटरहून अधिक जाळे विणले. आपला मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्थानके बारा, वेग ताशी ३२०. भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झाले. २०२३ ची मुदत कधीच उलटली.

पैशाची सोय जपानच्या अल्पव्याजी कर्जाने झाली. अडले ते जमिनीपाशी. गुजरातेत खांब उभे राहू लागले, तेव्हा आपल्या पालघरकडे मोजणीच रखडली होती. तिथल्या आदिवासींचा आणि चिकूवाल्यांचा सवाल साधा होता: गाडी आमच्या शिवारातून जाणार, पण आम्ही तिच्यात बसणार कधी? बोईसर-विरारला स्थानके आहेत हे खरे. पण तिकीट मजुराला परवडेल का, हे मला अजून कुणी छातीठोकपणे सांगितलेले नाही. डभोईची गाडी सावकाश चाले, पण शेतकऱ्याचा कापूस वाहून नेई.