जननांगाचा हर्पीस आणि प्रसूतीची पद्धत : निर्णय कसा ठरतो

गरोदर स्त्रीला जननांगाचा हर्पीस असल्याचे कळले की तिच्या आणि घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो : आता सिझेरियनच करावे लागणार का? विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत सरळ 'होय' लिहून मोकळे होतात. हे उत्तर चुकीचे आहे. हर्पीस असलेल्या बहुतेक स्त्रियांची प्रसूती योनीमार्गे सुरक्षितपणे होऊ शकते. सिझेरियन कोणाला हवे हे दोन गोष्टींवर ठरते : संसर्ग केव्हा झाला, आणि कळा सुरू झाल्या त्या दिवशी जननांगावर काय दिसते आहे. या पाठात या दोन गोष्टींना इतके महत्त्व का, ते समजून घेऊ.

आधी नावाचा एक घोळ दूर करू. मराठीत 'नागीण' म्हणतात तो आजार म्हणजे हर्पीस झोस्टर. कांजिण्यांचा विषाणू पुन्हा जागा झाल्याने तो होतो. जननांगाचा हर्पीस हा वेगळ्या विषाणूचा, हर्पीस सिम्प्लेक्सचा, आजार आहे. दोन्हींच्या नावात 'हर्पीस' असल्यामुळे रुग्ण 'मला पूर्वी नागीण झाली होती' असे सांगतात आणि ऐकणारा भलतेच लिहून घेतो. इतिहास विचारताना फोड कुठे आले होते, किती वेळा आले, हे विचारावे. केवळ नावावर विसंबू नये.

विषाणू शरीरात काय करतो

हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. प्रकार १ बहुधा ओठांवर आणि तोंडाभोवती फोड आणतो, प्रकार २ बहुधा जननांगावर. पण दोन्ही दोन्हीकडे होऊ शकतात. जननांगावर संसर्ग झाला की विषाणू चेतातंतूंमधून वर सरकतो आणि कमरेच्या खालच्या भागातील, माकडहाडाजवळच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. तिथून तो कधीच पूर्णपणे निघून जात नाही. अधूनमधून जागा होऊन त्वचेवर उतरतो. कधी दुखरे पाणीदार फोड येतात, ते फुटून व्रण होतात. कधी काहीच दिसत नाही, तरी विषाणू बाहेर पडत असतो.

यातून एक गोष्ट निघते, ती वर्गात नीट सांगितली जात नाही. गरोदरपणात आयुष्यातला पहिला फोड दिसला म्हणजे संसर्ग आताच झाला असे सिद्ध होत नाही. तो कित्येक वर्षांपूर्वी, न कळता झालेला असू शकतो. नवराबायकोपैकी कोणी कोणाला फसवले, असा निष्कर्ष फोडावरून काढता येत नाही. डॉक्टर किंवा परिचारिका यांनी हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले नाही, तर त्या घरात पुढे जे घडते त्याचा त्रास त्या बाईलाच भोगावा लागतो.

बाळाला धोका कुठून येतो

नवजात बाळाला होणारा हर्पीस दुर्मीळ असला तरी भयंकर आहे. सुमारे ८५ टक्के बाळांना तो प्रसूतीच्या वेळी, जन्ममार्गातील विषाणूच्या संपर्कातून होतो. सुमारे १० टक्के बाळांना जन्मानंतर, आणि उरलेल्यांना गर्भातच. आजार त्वचा, डोळे आणि तोंड यांपुरता राहिला तर उपचाराने बाळ बहुधा बरे होते. मेंदूत गेला किंवा यकृत, फुफ्फुसे असा सर्व शरीरात पसरला, तर गोष्ट वेगळी. सर्व शरीरात पसरलेल्या आजारात उपचार नसताना सुमारे ८५ टक्के बाळे दगावत. शिरेतून मोठ्या मात्रेत ॲसायक्लोव्हिर देऊनही हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास राहते. मेंदूचा आजार झालेली बाळे आता बहुतेक वाचतात, पण त्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते.

मग हर्पीस असलेल्या प्रत्येक आईच्या बाळाला हा धोका सारखाच का नसतो? उत्तर आईच्या रक्तातील प्रतिपिंडांत आहे. जुना संसर्ग असलेल्या आईच्या शरीरात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती वारेतून बाळाकडे जातात. बाळ जन्ममार्गातून येताना विषाणूला सामोरे गेले तरी ते निःशस्त्र नसते. शिवाय जुन्या संसर्गात विषाणू कमी प्रमाणात आणि कमी दिवस बाहेर पडतो. उलट, शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच संसर्ग झालेल्या आईला प्रतिपिंडे तयार करून ती बाळाला द्यायला वेळच मिळत नाही. त्यासाठी काही आठवडे लागतात, आणि प्रसूती तर दारात उभी असते.

आकड्यांतील फरक फार मोठा आहे. प्रसूतीच्या सुमारास नवा संसर्ग झालेल्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के मानली जाते. जुना हर्पीस पुन्हा उफाळून कळांच्या वेळी व्रण असतील, तरी योनीमार्गे प्रसूतीत ही शक्यता ० ते ३ टक्के. आणि जुना हर्पीस आहे पण त्या दिवशी काहीच दिसत नाही, अशा स्त्रीच्या बाबतीत १ टक्क्याहूनही कमी.

दर आठवड्याच्या तपासणीचा फसलेला प्रयोग

१९८०च्या दशकात अमेरिकेत एक पद्धत रूढ होती. हर्पीसचा इतिहास असलेल्या गरोदर स्त्रियांच्या जननमार्गातील नमुना शेवटच्या आठवड्यांत दर आठवड्याला घेऊन विषाणूची वाढ होते का पाहायचे, आणि तो सापडला तर सिझेरियन करायचे. कागदावर हे तर्कशुद्ध वाटते. १९८६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासाने या पद्धतीचा पायाच काढून घेतला. ४१४ स्त्रियांपैकी १७ जणींच्या नमुन्यात प्रसूतीपूर्वी विषाणू सापडला होता. प्रसूतीच्या वेळी त्यांपैकी एकीच्याही बाळाला विषाणूचा संपर्क झालेला आढळला नाही. याउलट ज्या ५ बाळांचा प्रसूतीवेळी संपर्क झाला, त्यांच्या आयांचे आधीचे सगळे नमुने निर्दोष होते. थोडक्यात, मागच्या मंगळवारचा अहवाल आजच्या कळांविषयी काही सांगत नाही. १९८८ साली अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ही तपासणी सोडून द्यायला सांगितले.

तेव्हापासून निर्णयाची जागा प्रयोगशाळेतून प्रसूतिकक्षात आली. कळा घेऊन आलेल्या स्त्रीला विचारायचे : जळजळ, मुंग्या, टोचल्यासारखे दुखणे असे काही जाणवते आहे का? कारण फोड दिसण्याआधी अशी पूर्वलक्षणे येतात. मग चांगल्या उजेडात योनीचा बाह्यभाग, आतला भाग आणि गर्भाशयमुख काळजीपूर्वक पाहायचे. साधनसामग्री काहीच लागत नाही, पण घाईच्या प्रसूतिकक्षात नेमके हेच राहून जाते.

सिझेरियनने किती फरक पडतो

या बाबतीतला सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतील सिॲटल येथील आहे. तिथे १९८२ ते १९९९ या काळात हजारो गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. कळांच्या वेळी प्रत्यक्ष विषाणू सापडलेल्या २०२ स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी योनीमार्गे प्रसूत झालेल्या ११७ जणींच्या ९ बाळांना हर्पीस झाला, म्हणजे ७.७ टक्के. सिझेरियन झालेल्या ८५ जणींपैकी एकीच्या बाळाला, म्हणजे १.२ टक्के. सिझेरियन संरक्षण देते हे यातून स्पष्ट झाले. पण ते पूर्ण संरक्षण नाही, हेही.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहिले पाहिजे. सिझेरियन ही पोटाची शस्त्रक्रिया आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या हे धोके आहेतच, आणि पुढच्या गरोदरपणात जुन्या टाक्यांच्या जागी वार चिकटून बसण्याचा धोका वाढतो. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने हिशेब मांडला : जुना हर्पीस असलेल्या स्त्रियांमध्ये एका बाळावरचा गंभीर परिणाम टाळायला सुमारे १५८० जादा सिझेरियन करावी लागतील.

हाच हिशेब समोर ठेवून वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरे काढली. अमेरिकेत कळांच्या वेळी जननांगावर व्रण किंवा पूर्वलक्षणे असतील, तर संसर्ग जुना असला तरी सिझेरियन सुचवले जाते. ब्रिटनमध्ये शेवटच्या तिमाहीत, विशेषतः प्रसूतीआधीच्या ६ आठवड्यांत, पहिल्यांदा संसर्ग झाला असेल तर सिझेरियनची शिफारस आहे. पण जुना हर्पीस उफाळला असेल तर स्त्रीला धोका समजावून योनीमार्गे प्रसूतीचा पर्याय दिला जातो. नेदरलँड्सने तर १९८७पासूनच जुन्या हर्पीससाठी नेमाने सिझेरियन करणे बंद केले, आणि त्यानंतर तिथे नवजात हर्पीसचे प्रमाण वाढले नाही. माझ्या मते विद्यार्थ्याने यांपैकी एकच नियम पाठ करण्यापेक्षा मतभेद नेमका कुठे आहे ते ओळखावे. नव्या संसर्गाबद्दल फारसा वाद नाही. लक्षणे नसलेल्या जुन्या संसर्गाबद्दलही नाही. वाद आहे तो फक्त जुना संसर्ग आणि आज दिसणारे व्रण या एका चौकटीबद्दल.

ही चौकटच लहान करण्याचा उपाय आपल्या हातात आहे. ३६व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिल्यास कळांच्या वेळी व्रण असण्याची, आणि म्हणून सिझेरियन लागण्याची, शक्यता बरीच कमी होते. हे औषध गरोदरपणात वापरण्याचा अनुभव मोठा आहे.

भारतातील संदर्भ

आपल्याकडे गरोदर स्त्रीची एचआयव्ही आणि सिफिलिससाठी तपासणी होते, हर्पीससाठी सरसकट होत नाही. इतर देशांतही ती सहसा होत नाही. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये जननांगावरील हर्पीसच्या व्रणांसाठी लाल रंगाचे किट क्रमांक ५ मिळते, त्यात ॲसायक्लोव्हिरच असते. व्रण दुखरा आहे की बिनदुखरा, हे पाहणे महत्त्वाचे, कारण सिफिलिसचा व्रण सहसा दुखत नाही आणि त्याचा उपचार अगदी वेगळा आहे.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) देशात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. अशा परिस्थितीत 'हर्पीस आहे' एवढे दोन शब्द शस्त्रक्रियेला पुरेसे कारण ठरू नयेत. दुसऱ्या टोकाला, सासू किंवा नणंद शेजारी उभी असताना विचारले तर बाई 'काही त्रास नाही' असेच म्हणणार. हा प्रश्न एकांतातच विचारावा लागतो.

तीन प्रसंग

समजा, एका स्त्रीला चार वर्षांपासून वर्षातून दोनदा फोड येतात. तिने ३६व्या आठवड्यापासून गोळ्या घेतल्या, कळा सुरू झाल्या, तपासणीत काही दिसले नाही. योनीमार्गे प्रसूती. बाळाच्या डोक्याला सुईसारखा इलेक्ट्रोड लावणे टाळावे, कारण त्या जखमेतून विषाणूला वाट मिळते. चिमटा किंवा व्हॅक्यूमही खरोखर गरज असल्याशिवाय वापरू नये. तिला व्रण मांडीवर किंवा नितंबावर असता, तर तो घट्ट पट्टीने झाकून योनीमार्गेच प्रसूती करता आली असती.

दुसरी स्त्री ३५व्या आठवड्यात, आयुष्यात पहिल्यांदाच आलेले अतिशय दुखरे फोड, ताप आणि लघवीला त्रास घेऊन येते. लगेच ॲसायक्लोव्हिर सुरू करावे, आणि शक्य असेल तर विषाणूचा प्रकार व रक्तातील त्या प्रकारची प्रतिपिंडे तपासावीत. प्रतिपिंडे आधीपासून असतील तर हा जुनाच संसर्ग आहे आणि सगळा निर्णय बदलतो. नसतील तर सिझेरियनचे नियोजन करावे. तिची पाणमोट आधीच फुटली तर? पूर्वी चार-सहा तास उलटल्यावर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असे शिकवत. आज तशी कालमर्यादा मानली जात नाही. शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करतात.

तिसऱ्या स्त्रीला कधीच काही झालेले नाही. प्रसूती सुखरूप झाली, बाळ घरी गेले. बाराव्या दिवशी बाळ दूध ओढत नाही, सुस्त आहे, अंगावर एकही फोड नाही. नवजात हर्पीस झालेल्या बहुतेक बाळांच्या आयांना आपल्याला हर्पीस आहे हे माहीतच नसते, त्यामुळे आईच्या इतिहासात काही नाही म्हणून ही शंका सोडता येत नाही. पाठीतील पाण्याची तपासणी करतात आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून ॲसायक्लोव्हिर सुरू करतात. मेंदूचा आजार निघाला तर ते किमान २१ दिवस चालते. घरच्यांना विचारायचा एक प्रश्न राहतो : बारशाला आलेल्यांपैकी किंवा घरातल्या कोणाच्या ओठावर फोड होता का, आणि त्यांनी बाळाचा पापा घेतला का? आईचे दूध मात्र चालू ठेवता येते, स्तनावर फोड नसला म्हणजे झाले.