लसावि, मसावि आणि तर्क

बेरीज, गुणाकार, संचांचा संयोग, दोन विधाने ‘आणि’ने जोडणे या सगळ्या क्रियाच. त्या कोणत्या वस्तूंवर चालतात हे बाजूला ठेवून, त्या कोणत्या नित्य समानता पाळतात याचा अभ्यास वैश्विक बीजगणित करते.

30 चे विभाजक आठ: 1, 2, 3, 5, 6, 10, 15, 30. यांतील कोणत्याही दोघांचा लसावि आणि मसावि याच आठांत सापडतो. अ आणि ब यांच्या लसाविचा अ शी मसावि काढला, तर पुन्हा अ च मिळतो. अशा नियमांनी बांधलेल्या रचनेला लॅटिस म्हणतात. इथे प्रत्येक विभाजकाला जोडीदारही आहे. 2 चा जोडीदार 15, कारण त्यांचा मसावि 1 आणि लसावि 30. लसावि म्हणजे ‘किंवा’, मसावि म्हणजे ‘आणि’, जोडीदार म्हणजे ‘नाही’ असे वाचले, की जॉर्ज बूल यांच्या नावाने ओळखले जाणारे तर्काचे बीजगणित समोर येते. 12 च्या विभाजकांत मात्र 2 ला जोडीदार नाही. लॅटिस तीही आहे, पण तिथे ‘नाही’ला जागा नाही.

वैश्विक बीजगणिताला आजचे रूप दिले ते गॅरेट बर्कहॉफ यांच्या 1935 च्या शोधनिबंधाने. रचनांचा एखादा वर्ग केवळ नित्य समानतांनी नेमका सांगता येतो तो केव्हा? त्यातील रचनांच्या उपरचना, क्रिया जपणाऱ्या प्रतिमा आणि गुणाकार-रचना त्याच वर्गात राहतात तेव्हाच, असे त्यांनी सिद्ध केले. ही कसोटी विलक्षण धारदार आहे. भागाकाराची सोय असलेल्या ‘फील्ड’ या रचना तिच्यापुढे टिकत नाहीत: दोन फील्डांच्या गुणाकार-रचनेत (1, 0) आणि (0, 1) यांचा गुणाकार शून्य होतो, दोन्ही घटक शून्य नसतानाही. म्हणून फील्डची व्याख्या निव्वळ नित्य समानतांनी कधीच होणार नाही. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी त्याच निबंधातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. दिलेल्या समानता पाळणाऱ्या प्रत्येक रचनेत जी समानता खरी ठरते, ती त्या समानतांपासून किंमती घालत आणि समान पदे बदलत सिद्ध करता येतेच. सत्य आणि सिद्धता इथे एकरूप होतात.

स्टॅन्ली बरिस आणि एच. पी. सांकप्पनावर यांचे 1981 चे पाठ्यपुस्तक हाच धागा मॉडेल सिद्धांतापर्यंत नेते.

महाराष्ट्रात लॅटिसच्या अभ्यासात एन. के. ठाकरे यांचे नाव महत्त्वाचे आहे. काही सांत लॅटिसमधून एकेक घटक असा काढत जाता येतो, की उरलेल्यांचे लसावि-मसावि उरलेल्यांतच राहतात. 12 च्या विभाजकांत हे जमते: आधी 4 काढता येतो. 30 च्या बाबतीत पहिलेच पाऊल अडते, कारण तिथला प्रत्येक विभाजक इतर दोघांचा लसावि किंवा मसावि आहे. ठाकरे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अशा सुट्या करता येणाऱ्या लॅटिसचा रचना-सिद्धांत मांडला आणि त्याआधारे त्यांची मोजणीही केली.