शेजपाळी टेलाकडून

पहाटे ४. जानेवारीत दिंडोरी-निफाडकडची थंडी हाडांत शिरते. पण आवर्तन सुटलं की कालवा रात्रंदिवस वाहतो, आणि पाटकऱ्याची झोप तुकड्यातुकड्याने होते. मी वाघाड धरणाच्या कालव्यावरच्या एका पाणीवापर संस्थेचा पाटकरी. आज पाणी चारीच्या अगदी शेवटच्या शेतात आहे. शेजपाळी, म्हणजे शेताला लागून शेत अशी पाण्याची पाळी, आम्ही टेलाकडूनच, चारीच्या शेवटाकडूनच धरतो. वरच्याच्या बांधावरून तर पाणी जाणारच असतं. खालच्याचं आधी भिजलं की भांडणाचं मूळच राहत नाही.

नंबर बदलायची वेळ होते. "आबा, गव्हाचा एकच सारा राहिलाय, पाच मिनिटं द्या." पाच मिनिटं देतो आणि वहीत पाच मिनिटं मांडतो. आमची पाणीपट्टी तासावर आहे, त्यामुळे फुकटचं पाणी कुणालाच नाही, मलाही नाही.

सकाळी ६.३०. संस्थेच्या चारीच्या मुखाशी पाणी मोजायचा फ्ल्यूम आहे. त्याच्या पट्टीवर शेवाळ धरतं. ते बोटाने पुसल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, कारण एका सेंटीमीटरच्या चुकीने दिवसभराचा हिशेब फिरतो. उंची वाचायची, तक्त्यात क्युसेक बघायचे, वेळ टाकायची. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, तासाला लाखभर लिटर. संस्थेला पाणी असं घनफळाने मोजून मिळतं, एकराने नाही. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या संस्थांचा हा हक्क पक्का केला. कोट्यात बसेल ते पीक घ्या, कांदा लावा नाहीतर द्राक्षं, पाटबंधारे खातं विचारत नाही. माझ्या मते दुष्काळी मुलखातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. मोजलं की माणूस आपोआप जपून वापरतो. हे मी दर आवर्तनात बघतो.

९ वाजता कालव्याच्या काठाने मोटारसायकलवर. एका ठिकाणी गवताखाली डोंगळा, चोरून पाणी ओढणारा पाईप. पाईप ओढून काढतो तोवर बागवाला पोरगा धावत येतो.

"मामा, मणी फुगायला लागलेत, बाग सुकंल."

"परवा तुझाच नंबर आहे ना? आज तू ओढलेलं पाणी टेलच्या कांद्याचं आहे."

तो गप्प. पाईप संस्थेत जमा होतो. दंडाचं सभासद ठरवतील, ते काम माझं नाही.

दुपारी भरावात घुशीचं बीळ सापडतं. माती, गवत, पुन्हा माती, वरून फावड्याने ठोकून घट्ट. जेवण तिथेच.

३ वाजता नाल्यावरच्या बंधाऱ्याकडे. नाल्यात पाणी अडवायची ही कल्पना ओझरकडची. तिथे कालव्याच्या टेलला पाणी पोचतच नव्हतं. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून संस्था उभ्या केल्या, नाले बंधाऱ्यांनी अडवले. बंधारे भरले की आजूबाजूच्या विहिरींना पाझर येतो. कालव्याचं जे पाणी जमिनीत मुरतं तेच उन्हाळ्यात विहिरीतून वर येतं, म्हणून विहीरवाल्यानेही पाणीपट्टी भरावी हे ओघानेच आलं. पुढे वाघाडवर २४ संस्था झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. बंधाऱ्याच्या फळ्या नीट बसल्यात का ते बघतो. एका फळीच्या फटीतून धार लागलीय, तिथे चिखल आणि गोणपाट दाबून भरतो.

संध्याकाळी ७. ऑफिसात सचिवभाऊंसमोर वही उघडायची. मुखाशी आलेलं पाणी एका बाजूला, शेतकऱ्यांना दिलेले तास दुसऱ्या बाजूला. मधला फरक म्हणजे तूट. थोडी तूट मातीच्या चारीत धरावीच लागते. आजची मात्र कालच्यापेक्षा जास्त आहे, आणि डोंगळ्याचं पाणी धरूनही मेळ बसत नाही.

"मधल्या मोरीखाली झिरपत असेल," सचिवभाऊ म्हणतात. मलाही तीच शंका आहे. हे पाणी आता गेलं तर मार्चनंतरच्या उन्हाळी आवर्तनातूनच कापलं जाईल.

रात्री एकचा नंबर नानांचा. त्यांना फोन लावतो. "नाना, जरा लवकर निघा, येताना बॅटरी आणि फावडं आणा. मोरी बघून मगच दारं धरू."