रेझ्युमेत स्वतःला कमी लेखू नका

"नोकरीसाठी अर्ज करायचाय, जरा रेझ्युमे बघून द्या," म्हणत आमचे माजी विद्यार्थी अधूनमधून घरी येतात. कागदाचं अर्धं पान वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म आणि वैवाहिक स्थिती यांनीच भरलेलं असतं. कामाबद्दल मात्र खाली एकच ओळ: अनुभव नाही.

मध्यंतरी आलेल्या एका मुलाच्या कागदावरही हेच होतं. बोलता बोलता कळलं की बी.कॉम. करताना तीन वर्षं तो रोज संध्याकाळी वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसत होता. बिलं, उधारीची वही, मालाची मागणी, जीएसटीचा हिशेब, सगळं तोच बघायचा. मग हे लिहिलं का नाही? तर म्हणाला, "ते तर घरचं काम. पगार कुठे मिळत होता?"

पगार मिळाला नाही म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. आम्ही त्याच्याकडून लिहून घेतलं: "कौटुंबिक हार्डवेअर दुकान, ३ वर्षं. बिलिंग, सुमारे ६० उधारी खात्यांच्या नोंदी, जीएसटीसाठी दरमहा विक्रीचा तक्ता." यात एकही शब्द खोटा नाही.

आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं, अपने मुंह मियां मिठ्ठू बनू नये. बरोबरच आहे. पण केलेलं काम सांगणं म्हणजे बढाई नव्हे. आमची कसोटी साधी आहे: मुलाखतीत विचारलं तर पाच मिनिटं समजावून सांगता येईल, तेवढंच लिहायचं. न केलेला कोर्स, वाढवलेले टक्के अजिबात नकोत.

काय लिहावं, काय टाळावं

नावाखालची ओळ: लिंक्डइनवर इथे २२० अक्षरं मिळतात. "नोकरीच्या शोधात" एवढंच लिहून ती वाया घालवू नका. "बी.कॉम., बिलिंग व जीएसटी हिशेबाचा अनुभव, अकाउंट्स असिस्टंट पदासाठी उपलब्ध" असं लिहा.

भाषा: उर्दू माध्यमात शिकलो हे लपवायची गरज नाही. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी कोणती बोलता येते, कोणती लिहिता येते, ते स्पष्ट लिहा. बँक, दवाखाना, कॉल सेंटर, जिथे रोज लोकांशी बोलावं लागतं तिथे चार भाषा ही मोठी जमा बाजू आहे.

मधली रिकामी वर्षं: लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण यात अनेक मुलींची नोकरी सुटते. यासाठी लिंक्डइनने २०२२ मध्ये 'करिअर ब्रेक'ची वेगळी नोंद सुरू केली. त्या काळात घरी ट्यूशन घेतल्या असतील, शिवणकामाच्या ऑर्डरी सांभाळल्या असतील, तर तेही कामच आहे.

नाव: मार्कशीटवर शेखचं इंग्रजी स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं, ही आपल्याकडची नेहमीची कथा. निवड झाल्यावर कागदपत्रं तपासताना हेच अडतं. आधीच दुरुस्त करून घ्या आणि सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा.

टाळा: धर्म, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक. यातलं काहीही रेझ्युमेत लागत नाही.

"पण नाव बघूनच बाजूला ठेवतात..."

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि ही भीती मनाची समजूत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले होते. मुस्लिम नावाच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा बरीच कमी निघाली. हा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त छापून आला.

चांगल्या रेझ्युमेने हा भेदभाव संपणार नाही. म्हणून नाव लपवावं, असंही आम्ही कधी सांगणार नाही. पण नाकारणाऱ्याला "अनुभवच नव्हता" अशी सबब आपण आपल्या हाताने लिहून द्यायची नाही.

आज रात्री एक कोरा कागद घ्या आणि गेल्या पाच वर्षांत केलेलं प्रत्येक काम लिहून काढा, पगाराचं आणि बिनपगाराचंही. रेझ्युमे त्यातूनच तयार होईल.