मुठीमुठीत तेच खाद्य

मुरुडच्या गोठ्यात दूध काढायच्या वेळी गाईपुढे ठेवायचं आंबोण घरोघरी वेगळं. कुणी कोंडा नि पेंड भिजवतो, कुणी त्यात चुणी घालतो, मूठभर मीठ टाकतो. हाताने कालवलेलं ते एका गाईला पुरतं. पोत्यातून येणारं पशुखाद्य मात्र हजारो जनावरांसाठी बनतं. कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघाचं (स्थापना 1963) 'महालक्ष्मी' पशुखाद्य गडमुडशिंगीच्या कारखान्यात तयार होतं. अशा धंद्यात सगळी मदार वजनावर आणि मिसळण्यावर.

स्वयंचलित कारखान्यात मका, पेंड, कोंडा आपापल्या सायलोतून, म्हणजे साठवणीच्या टाकीतून, स्क्रू कन्व्हेयरने हॉपरमध्ये पडतात. हॉपर वजन मोजणाऱ्या लोडसेलवर बसवलेला असतो. ठरलेलं वजन जवळ आलं की संगणक स्क्रूची गती उतरवतो आणि थोडा आधीच तो बंद करतो, कारण तोंडातून सुटलेला माल अजून हवेत असतो. तोही हिशोबात धरलेला असतो! पण टनाच्या काट्यावर किलोभर जीवनसत्त्वं भरवशाने तोलता येत नाहीत. त्यांना छोटा काटा वेगळा.

या किलोभराकडे नीट पाहायला हवं. टनाला एक किलो म्हणजे किलोला एक ग्रॅम. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते, म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम 110 मिलिग्रॅम. तेवढं रोज, प्रत्येकीला मिळालं पाहिजे. युरियाचं भय उलटं. गाईच्या खाद्यात तो शेकडा एकपर्यंत चालतो, पण त्याचा गोळा एकाच घमेल्यात आला तर जनावर दगावतं.

म्हणून मिक्सर महत्त्वाचा. रिबन मिक्सरच्या आडव्या दांड्यावर दोन पीळदार पट्ट्या असतात. बाहेरची माल एका दिशेला रेटते, आतली उलट दिशेला. कोरडा माल आधी, तेल आणि मळी मागाहून, नाहीतर गुठळ्या होतात. तीन-चार मिनिटांत काम होतं. मग दहा ठिकाणचे नमुने काढून मीठ मोजतात. त्यांतली तफावत दहा टक्क्यांच्या आत असली की मिश्रण चांगलं. कोंबडीच्या खाद्यातलं मोनेन्सिन हे औषध मिक्सरच्या कोपऱ्यात राहून घोड्याच्या खाद्यात गेलं तर घोड्याच्या जिवावर बेततं. त्यामुळे दोन खाद्यांच्या मधे मक्याचा भरडा फिरवून यंत्र साफ करतात.

यंत्राला एक गोष्ट मात्र कळत नाही: तोलला तो माल कसा आहे. कोकण किनाऱ्यावरची वाळवलेली मासळीची कुटी कोंबडीच्या खाद्यात जाते. तिच्यात रेती किंवा मीठ जास्त असलं तरी काटा बरोबरच वजन दाखवतो. तिथे प्रयोगशाळाच हवी, आणि ती चालवणारा चोख माणूस. माझ्या मते कारखान्याची खरी परीक्षा तिथेच होते.

गाईसाठी पोतं घेताना आयएस 2052 या पशुखाद्याच्या भारतीय मानकाची खूण, तारीख आणि बॅच क्रमांक पाहा. पावसाळ्यात पोती फळीवर ठेवा, कारण ओल धरलेल्या खाद्याला बुरशी लागते. आणि लेबल फेकू नका. जनावराला त्रास झाला तर त्या क्रमांकावरून कारखान्याला त्या बॅचमधली वजनाची नोंद काढता येते.