गर्भनिरोधक गोळ्यांचे दुष्परिणाम

गर्भधारणा टाळण्यासाठी नियमित घ्यावयाच्या संयुक्त गोळ्यांमुळे उद्‌भवणारे अनिष्ट परिणाम. या गोळ्यांत स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) व प्रगर्भरक्षी (प्रोजेस्टोजेन) ही दोन प्रकारची हॉर्मोने असतात; त्यांच्यामुळे अंडमोचन थांबते. शासकीय आरोग्य केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात अशा २१ गोळ्या व लोहाच्या ७ गोळ्या असतात.

मळमळ, डोकेदुखी, स्तनांतील ताण व दोन पाळ्यांमधील किंचित रक्तस्राव ही लक्षणे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत ओसरतात. पाळीचा स्रावही कमी होतो. त्यामुळे ‘रक्त आत साठते’ ही समजूत सर्रास आढळते. ती निराधार आहे. गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहत असल्याने बाहेर पडण्यासारखे फारसे काही नसते. रक्तक्षय झालेल्या स्त्रीला हा परिणाम हितकारकच होय.

खरा धोका नीलांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा असून तो मुख्यतः स्त्रीमदजनाशी निगडित आहे. १९६० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘एनोव्हिड’ गोळीत ते १५० मायक्रोग्रॅम होते. १९६९ मध्ये ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमहून अधिक मात्रा टाळण्याचा सल्ला दिला. माला-एनमध्ये ती ३० मायक्रोग्रॅम आहे. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला गुठळीचे प्रमाण गोळ्या न घेणाऱ्यांत १ ते ५, घेणाऱ्यांत ३ ते ९ व गरोदरपणात ५ ते २० असते. उच्च रक्तदाब, पस्तिशीनंतरचे धूम्रपान व दृष्टिदोषासह होणारी अर्धशिशी असल्यास या गोळ्या वर्ज्य समजतात. अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिले सहा महिने त्या सहसा देत नाहीत. मिसरी लावणे म्हणजे धूम्रपान नव्हे. परंतु तीतील निकोटिनाने रक्तदाब तात्पुरता वाढतो, म्हणून तिचीही चौकशी करणे इष्ट.

जालना जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात आशा स्वयंसेविका या गोळ्या पुरवितात. पाकीट हाती पडते, पण आधी रक्तदाब मोजला गेला आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्या स्त्रीच्या गोळ्या मध्येच संपल्या, तर रक्तस्राव होतो व गर्भही राहू शकतो. दोष मात्र गोळीच्या माथी बसतो. क्षयरोगावरील रिफँपिसीनमुळेही गोळ्यांचा प्रभाव घटतो; त्या उपचारकाळात दुसरे साधन वापरावे लागते. पोटरीत सूज व वेदना, छातीत कळ, धाप लागणे किंवा एकाएकी अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाल्यास गोळ्या बंद करून रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.